पुन्हा वाचण्याचा महिना

रमजान हा रोज्यांचा महिना, हे पनवेल परिसरात कोणाला सांगावे लागत नाही. खजुराच्या हातगाड्या दिसू लागल्या, संध्याकाळी मशिदीकडे जाणाऱ्यांची लगबग वाढली की शेजारच्या हिंदू घरांनाही चाहूल लागते. पण हा महिना आणखी एका गोष्टीचा आहे आणि तिकडे फारसे लक्ष जात नाही. हा पुन्हा वाचण्याचा महिना आहे.

कुरआनचे तीस भाग आहेत. त्यांना पारे म्हणतात. एकूण सूरह, म्हणजे अध्याय, ११४. रमजानमध्ये रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीहची नमाज होते आणि बहुतेक मशिदींत महिनाभरात तिच्यातून संपूर्ण कुरआन ऐकवले जाते. घरोघरी स्त्री-पुरुष आपापले पारे वाचत असतात ते वेगळेच. दरवर्षी तोच ग्रंथ, तोच क्रम, तेच शब्द. साठ-सत्तर रमजान पाहिलेली वडीलधारी माणसेही पहिल्या पाऱ्यापासूनच सुरुवात करतात. ‘हे तर गेल्या वर्षीच वाचून झाले’ असे कोणी म्हणत नाही.

कुरआनचे पठण ही इबादत आहे. कथा-कादंबरीच्या वाचनाशी तिची बरोबरी होत नाही आणि तशी ती करायचीही नाही. परंतु ठरावीक काळाने आपल्या ग्रंथाकडे परत जायचे, रोज थोडे वाचायचे आणि वाचता वाचता स्वतःला तपासायचे, ही रीत मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला घेता येण्यासारखी आहे. लिहिणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला, गाणाऱ्याला, नाटक करणाऱ्याला तर ती फारच उपयोगाची आहे. त्यातही ज्याचा हात थांबला आहे, त्याला.

हात थांबलेली माणसे

खांदा कॉलनी ही सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलची पश्चिम बाजू. इथली बहुतेक कुटुंबे कोठून ना कोठून आलेली. कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी मराठवाड्यातून, तर कोणी मुंबईच्या चाळीतली खोली सोडून. सकाळी खांदेश्वर स्थानकातून हार्बरची लोकल पकडायची, तासाभराहून अधिक प्रवास करून मुंबईत कामावर पोहोचायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे, हा इथल्या हजारो माणसांचा दिनक्रम. या माणसांत कधीकाळी कविता लिहिणारे आहेत. कॉलेजच्या एकांकिकेत काम केलेले आहेत. कव्वालीला किंवा भजनाला पेटीवर बसलेले, भित्तिपत्रकासाठी चित्रे काढलेले, दिवाळी अंकाला एखादी कथा पाठवलेले आहेत. चांगू काना ठाकूर महाविद्यालयात आज शिकणाऱ्या मुलांतही असे अनेक असतील आणि दहा वर्षांनी त्यांतले बरेच जण हीच लोकल पकडत असतील.

त्यांना विचारले तर उत्तर ठरलेले असते. आता सुचत नाही. वेळ मिळत नाही. वेळेची तक्रार खोटी नाही. घराचे हप्ते, मुलांच्या शिकवण्या, आई-वडिलांची दुखणी यांत दिवस संपतो. पण सुट्टीच्या दिवशी दोन तास मोकळे मिळाले तरी वही उघडली जात नाही. म्हणजे वेळेच्या आधी आणखी काहीतरी आटलेले असते. ते आटले, याचे दुःख माणूस कोणाला सांगत नाही, कारण त्यामुळे कोणाचे घर अडत नाही. पगार येतो, चूल पेटते. पण आतला एक कोपरा बंद पडतो आणि हळूहळू माणसाला आपण कधी काही करत होतो, याचाही विसर पडतो.

मग उमेद शोधली जाते ती मोबाइलमध्ये. एखादे जोशपूर्ण भाषण, एखाद्या यशस्वी माणसाची दोन मिनिटांची कहाणी. ऐकताना अंगात वीज येते. बोगी मानखुर्दच्या पुढे जाईपर्यंत ती उतरतेही. यात त्या भाषणांचा दोष फार नाही. ती सगळ्यांसाठी असतात, म्हणून कोणा एकाची नसतात. ज्याने एकेकाळी आपल्याला हातात पेन घ्यायला लावले ते पुस्तक मात्र आपले असते. ते बहुधा घरातच, माळ्यावरच्या खोक्यात, जुन्या मार्कशीटांच्या फाइलशेजारी पडलेले असते. कोणाचे ते एखादी कादंबरी असेल, कोणाचे कवितासंग्रह, कोणाचे शाळेच्या बक्षीस समारंभात मिळालेले चरित्र. ते खाली काढावे आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे, एवढेच इथे सांगायचे आहे.

दौर आणि लुकमा

पुन्हा वाचण्याची किंमत काय, हे रमजानमध्ये हाफिजांकडून शिकावे. ज्याला संपूर्ण कुरआन मुखोद्गत आहे तो हाफिज. तरावीह पढवणारे हाफिज नमाजच्या आधी त्या रात्रीचा भाग पुन्हा पुन्हा म्हणतात, दुसऱ्या हाफिजाला ऐकवतात. याला दौर करणे म्हणतात. लहानपणी पाठ केलेले आणि वर्षानुवर्षे म्हटलेले असते, तरी दौर चुकत नाही. नमाजमध्ये एखादा शब्द अडलाच तर मागे उभा असलेला दुसरा जाणकार तो शब्द पुरवतो. त्याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा म्हणजे घास. अडलेल्याला शब्दाचा घास भरवायचा आणि पुढे जाऊ द्यायचे, अशी ही सुंदर कल्पना आहे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

या प्रथेचे मूळ हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या जीवनात आहे. हदीसमध्ये नमूद आहे की, दर रमजानमध्ये देवदूत जिब्रील (अ.) त्यांच्याकडे येत आणि दोघे मिळून कुरआनची उजळणी करीत. पैगंबरांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी ही उजळणी दोनदा झाली. ज्यांच्यावर हा ग्रंथ अवतरला, त्यांनाही तो पुन्हा वाचण्याची गरज होती, मग इतरांची काय कथा? ज्याला कुरआन पाठ आहे त्याची तुलना हदीसमध्ये उंटाच्या मालकाशी केली आहे. उंट बांधून त्याच्यावर लक्ष ठेवले तर तो राहतो. सोडला तर निघून जातो. जे आवडते, जे येते, तेही लक्ष ठेवल्याशिवाय आपले राहत नाही.

कलेचेही असेच आहे. लिहिणे एकदा आले म्हणजे कायमचे आले, असे नसते. ते उंटासारखे निघून जाऊ शकते. आवडते पुस्तक पुन्हा वाचणे हा अडलेल्या माणसाला मिळालेला लुकमा आहे. पुढचे वाक्य त्याचे त्यालाच म्हणायचे असते, पण अडलेला शब्द कोणीतरी पुरवावा लागतो.

चाळीस वेळा वाचलेला ग्रंथ

इब्न सीना हे नाव वैद्यकाच्या इतिहासात मोठे आहे. इसवी सन ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या या विद्वानाचा ‘अल-कानून’ हा वैद्यकग्रंथ युरोपातही काही शतके शिकवला जात होता. त्याने आत्मचरित्रात आपल्या तरुणपणाची एक गोष्ट सांगितली आहे. अॅरिस्टॉटलचा अध्यात्मविषयक अवघड ग्रंथ त्याने चाळीस वेळा वाचला. तो पाठ झाला, पण कळला नाही. अखेर त्याने आशा सोडली. मग एकदा पुस्तकांच्या बाजारात एक विक्रेता छोटे पुस्तक घेऊन मागे लागला. मालकाला पैशांची गरज आहे, स्वस्तात मिळेल, म्हणू लागला. तीन दिरहमला घेतलेले ते पुस्तक अल-फाराबीचे निघाले आणि विषय होता तोच अॅरिस्टॉटलचा ग्रंथ. घरी जाऊन वाचले मात्र, सारा ग्रंथ एकदम उलगडला, कारण मूळ मजकूर त्याला आधीच पाठ होता. दुसऱ्या दिवशी त्याने आनंदाने गोरगरिबांना दान वाटले.

या गोष्टीत लोकांना चाळीस हा आकडा आठवतो. खरे पाहण्यासारखे आहे ते दुसरेच. ती चाळीस वाचने वाया गेली, असे त्या तरुणाला वाटत होते आणि प्रत्यक्षात ती जमा होत होती. किल्ली बाहेरून आली, पण कुलूप त्याने स्वतः घडवून ठेवले होते. ज्याला आज सुचत नाही, त्याच्याही आत एकेकाळी वाचलेले बरेच जमा आहे.

गागोद्याचा मुलगा

याहून जवळचे उदाहरण रायगड जिल्ह्यातलेच आहे. पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हते आणि हाती आलेले मराठी अनुवादही अवघड वाटत होते. तूच का करत नाहीस, असे त्यांनी मुलाला सुचवले. आई १९१८ साली गेली. विनोबांनी अनुवाद हाती घेतला तो १९३० मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. मधल्या काळात ते गीता वाचत राहिले होते, जगत राहिले होते. १९३१ च्या सुरुवातीला ‘गीताई’ पूर्ण झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी त्याच गीतेवर अठरा अध्यायांची अठरा प्रवचने दिली. ती टिपून घेतली सानेगुरुजींनी, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. एकाच ग्रंथाकडे पुन्हा पुन्हा गेल्यामुळे एकाच माणसाच्या हातून दोन वेगळी पुस्तके झाली. एक आईसाठी ओव्यांसारखे सोपे, दुसरे कैद्यांशी बोललेले.

रमजानच्या पानावर विनोबांची आठवण यावी याला आणखी एक कारण आहे. याच विनोबांनी कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकून घेतली. वर्षानुवर्षे त्यांचे हे वाचन चालू होते. त्यातून १९६२ मध्ये ‘कुरान-सार’ हे त्यांनी निवडलेल्या वचनांचे संकलन प्रसिद्ध झाले. प्रवचने टिपून घेणाऱ्या सानेगुरुजींनीही ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. आपला ग्रंथ खोलवर, वारंवार वाचणारा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथाकडे आदराने जाऊ शकतो, हे या दोघांकडे पाहून कळते. वरवर वाचणाऱ्याला ते जमत नाही. त्याला आपला ग्रंथही भांडणापुरताच आठवतो.

इरावती कर्वे यांचे उदाहरणही मराठी वाचकांना परके नाही. महाभारत त्यांच्याआधी असंख्य लोकांनी वाचले होते. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई त्याकडे पुन्हा वळल्या तेव्हा त्यांना त्यात माणसे दिसली, घराणी दिसली, नात्यांतले ताण दिसले आणि ‘युगान्त’ झाले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ग्रंथ तोच होता, वाचणारे डोळे बदलले होते.

शिवण पाहायला शिकणे

पुन्हा वाचल्याने नेमके काय होते? पहिल्या वाचनात माणूस पुढे काय होणार याच्या मागे धावत असतो. दुसऱ्या वेळी शेवट ठाऊक असतो, त्यामुळे पाय सावकाश पडतात. लेखकाने हा प्रसंग इथेच का ठेवला, हे पात्र इतके कमी का बोलते, पान इथे का संपते, असे प्रश्न पडू लागतात. ईदच्या आधी शिंप्याच्या दुकानात मशिनी रात्रभर चालू असतात. तिथे काम शिकणारा पोरगा चांगल्या कारागिराने शिवलेला कुर्ता उलटा करून बघतो. बाहेरून कापड दिसते, आतून शिवण दिसते. पुस्तक दुसऱ्यांदा वाचणे म्हणजे ते उलटे करून पाहणे. आणि शिवण दिसली की आपणही शिवू शकू, असे हाताला वाटू लागते. सृजनाची उमेद म्हणतात ती बहुतेक वेळा एवढीच असते.

दुसरी गोष्ट घडते ती स्वतःच्या बाबतीत. विसाव्या वर्षी ज्या पानावर डोळे भरून आले, ते पान पंचेचाळिसाव्या वर्षी कोरडे वाटते आणि तेव्हा न दिसलेल्या एका ओळीपाशी आता पाय अडखळतो. मुलाच्या बाजूने वाचलेली गोष्ट आता बापाच्या बाजूने वाचली जाते. मधल्या पंचवीस वर्षांत आपण काय कमावले आणि काय सोडले, याचा हिशेब पुस्तक न बोलता मांडते. नवे लिहिण्यासाठी लागणारा विषय पुष्कळदा याच फरकात सापडतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. जुन्या पुस्तकांत रमणे ही पळवाटही असू शकते. ‘आमच्या वेळची पुस्तके’ म्हणत बसणारे आणि नवीन काहीही न वाचणारे, न करणारे लोक कमी नाहीत. आवडत्या लेखकाची इतकी सवय होते की स्वतःचे वाक्यही त्याच्यासारखेच उमटते, हाही धोका आहे. त्यावर उपाय हदीसमधल्या उजळणीतच दिसतो. तिथे उजळणीनंतर माणूस बसून राहत नव्हता. रमजानमध्ये पैगंबरांची दानशूरता नेहमीपेक्षा अधिक वाढत असे, असेही त्याच हदीसमध्ये म्हटले आहे. वाचले त्याचे पाणी शेतात वळले पाहिजे. पुस्तक मिटल्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या, एक रेघ ओढली, पेटीवर दोन सूर धरले, तर ते वाचन उपयोगी पडले. नाहीतर ती नुसती आठवणींची मेजवानी.

पुस्तक दुसऱ्यांदा आवडले नाही, तर? तेही चांगलेच. आपली पारख पुढे गेली, एवढाच त्याचा अर्थ. आणि याहून चांगले कसे झाले असते, असा विचार मनात आला तर तिथूनच काम सुरू होते.

तिच्या अर्ध्या तासाचे काय?

हे सारे बोलताना घरातल्या बाईचा विचार केला नाही तर बोलणे अर्धेच राहील. रमजानमध्ये सहेरीसाठी सर्वांत आधी ती उठते. तिचाही रोजा असतो. दुपारनंतर इफ्तारची तयारी, फळे चिरणे, भजी, शरबत, मग जेवण, मग भांडी. पुरुष तरावीहला गेले की ओटा आवरून ती मुसल्यावर बसते. गणपतीत आणि दिवाळीत शेजारच्या घरातही वेगळे चित्र नसते. शाळेत निबंधात पहिली येणारी, सुरेख मेंदी काढणारी, नात म्हणणारी किंवा अभंग गाणारी ती मुलगी याच ओट्यापाशी हरवलेली असते. तिने आवडते पुस्तक पुन्हा वाचावे, असा सल्ला देणे सोपे आहे. तिला वेळ कोण देणार?

पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत, आपले कपडे आणि पादत्राणे स्वतः सांधत, अशी साक्ष त्यांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) यांनी दिली आहे. सुन्नतचा आग्रह धरणाऱ्या पुरुषांनी ही सुन्नतही लक्षात ठेवावी. इफ्तारला दोन पदार्थ कमी झाले तर रोजाचे पुण्य कमी होत नाही. भांडी घरातल्या मुलाने घासली तर त्याचे शिक्षण बुडत नाही. त्यातून वाचलेला अर्धा तास तिचा असावा आणि त्या अर्ध्या तासात तिला कोणी पाणी मागू नये.

पद्धत अवघड नाही. रोज एक पारा वाचणारे जसे महिन्यात तीस पारे पुरे करतात, तसे आवडत्या पुस्तकाचे तीस भाग करावेत. तीनशे पानांचे पुस्तक असेल तर रोज दहा पाने. सहेरी आणि फजरच्या नमाजनंतरची शांत वेळ असो, खांदेश्वरला बसायला जागा मिळालेली लोकल असो किंवा रात्रीची पंधरा मिनिटे असोत, वेळ एकच ठरवावी. शेजारी वही ठेवावी. आज कोणते पान नवे वाटले, एवढे एक वाक्य लिहावे आणि त्यानंतर आपल्या कामाचा छोटासा तुकडा करावा. वही दाखवायची कोणाला नाही. रोजाही कोणाला दाखवण्यासाठी नसतो.

हे फक्त मुस्लिम घरांसाठी नाही. श्रावणात पोथी लावणाऱ्या, सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या घरांना पुन्हा वाचण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको; ती सवय आपल्या मातीत आधीपासून आहे. ती देवघरापुरती आणि मुसल्यापुरती राहिली, एवढेच. या महिन्यात ती थोडी पुढे आणता येईल. ईदच्या दिवशी मुलांना ईदी द्यायची असते. नव्या नोटेबरोबर आपण लहानपणी वारंवार वाचलेले एखादे पुस्तक, आपली खूण केलेल्या पानासकट, त्यांच्या हाती ठेवावे. पैसे दोन दिवसांत संपतील. पुस्तक त्यांना आज आवडले नाही तरी हरकत नाही. पुन्हा वाचायला त्यांच्यापुढे खूप वर्षे आहेत.